भिंतीची सतरा भोकं

मागच्या मे महिन्यात भाच्यासाठी डार्टचा बोर्ड घेऊन शहापूरला गेलो. अगदी खरा, स्टीलच्या टोकांचे डार्ट असलेला. (चुंबकाचा घ्यायला हवा होता, हे शहाणपण नंतरचं.) बोर्डाचा मध्य जमिनीपासून ५ फूट ८ इंच, फेकणारा ७ फूट ९.२५ इंचांवर, सगळं टेपने मोजून लावलं. भिंतीचा विचार मात्र केला नाही. संध्याकाळी बाबा बाहेरून आले, चष्मा लावून भिंतीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "सतरा."

एवढंच. पुढे जेवणं होईपर्यंत एक शब्द नाही.

हे घर त्यांनी रिटायरमेंटच्या पैशांतून बांधलंय, तेही भर उन्हाळ्यात. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा ही धरणं आमच्याच तालुक्यात, पण उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर! तसाच टँकर विकत घेऊन बाबांनी या प्लास्टरवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं होतं. आणि डार्टचं टोक बारीक असलं तरी भोक बारीक पडत नाही, पुट्टीसकट टवका उडतो.

आजोबांचं घर कारवीच्या कुडाचं होतं. आम्ही छत्रीच्या काड्यांचे बाण त्यात खुशाल मारायचो. आजी ओरडायची, पण शेणमातीचा एक हात फिरवला की झालं. गंमत म्हणजे डार्टचा बोर्डही साधारण त्याच स्वभावाचा. तो सिसलच्या धाग्यांचा असतो, म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्याच कुळातला. धागे घट्ट दाबून, टोकं समोर करून बसवलेले असतात. डार्ट त्यांच्यामधून घुसतो, काढला की ते परत मिटतात. १९३०च्या दशकात हे बोर्ड आले; त्याआधीचे लाकडी बोर्ड भोकं बुजावीत म्हणून रात्रभर पाण्यात भिजत ठेवायचे म्हणे.

असो. दुसऱ्या दिवशी भोकं नीट बघितली. (सवय हो... बग कुठे येतात ते आधी बघायचं.) सतरापैकी अकरा बोर्डाच्या वर होती! कारण सोपं आहे. २० आकडा सगळ्यात वर, जो तो त्याच्या तिप्पट घरावर नेम धरतो आणि तिथून बोर्डाची कड जेमतेम १२ सेंटीमीटर. म्हणजे भिंत झाकायची ती चहूबाजूंनी सारखी नाही, वर जास्त.

मी थर्माकोल चिकटवायला निघालो होतो. तेव्हा बाबा बोलले, "चिकटवू नकोस. पावसाळ्यात मागे ओल धरेल, रंग पोपडे धरून निघेल." मग त्यांनीच व्हाइट सिमेंटने भोकं भरली, जुन्या दाराच्या दोन पट्ट्या भिंतीला ठोकल्या, त्यावर ४ फूट बाय ४ फूट प्लायवूड आणि प्लायवर लहान मुलांच्या त्या एकात एक अडकणाऱ्या फोमच्या चटया. प्लाय आणि भिंत यांत इंचभर हवा खेळती. खाली लाद्यांवर भाताची रिकामी पोती दुहेरी घातली, कारण तारेला लागून उडालेला डार्ट बरेचदा टोकावरच पडतो.

पट्ट्यांसाठी ड्रिलने चार नवी भोकं पाडावी लागली. "ही धरायची नाहीत," बाबा म्हणाले.

परवा फोनवर आई सांगत होती, भाचा घरी गेला तरी दुपारी हॉलमधून ठक्... ठक् येतच असतं. अजून तरी भिंतीला एकही लागलेला नाही म्हणे.