पांढरी दोनच्या किंचित वर

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली ‘सो व्हॉट’ ही पहिली रचना लावा आणि शेजारी सुरात लावलेली पेटी घेऊन बसा. पांढरी दोनला सा धरा. काफी थाटाचे स्वर वाजवत गेलात की रचना हाती लागते. बत्तीस बारांच्या आवर्तनात मधले आठ बार तेवढे काळी दोनवर चढतात आणि पुन्हा खाली येतात. पण तुमच्याकडे जुनी एलपी किंवा सीडीच्या सुरुवातीच्या काळातली आवृत्ती असेल, तर पेटी तिच्याशी जुळणार नाही. ट्रम्पेट पांढरी दोनच्या किंचित वरच राहील.

ही रचना २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया कंपनीच्या थर्टीएथ स्ट्रीटवरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. मूळचं ते एक चर्च. त्या दिवशी मुख्य तीन-ट्रॅक यंत्र जरा हळू चालत होतं. हळू फिरलेली टेप पुढे नेमक्या वेगाने वाजवली की संगीत जलद होतं आणि सूर चढतो. एलपीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना अशा चढ्या सुरात जगभर पोचल्या. दुसरी बाजू २२ एप्रिलच्या ध्वनिमुद्रणाची, ती सुरात आहे. सुदैवाने खबरदारी म्हणून शेजारी दुसरं यंत्रही चालू ठेवलेलं होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. १९९२ मध्ये मार्क वाइल्डर या मास्टरिंग इंजिनिअरने पुनर्प्रकाशनाचं काम करताना ती राखीव टेप वापरली, आणि तीन दशकांनी पहिली बाजू तिच्या खऱ्या पट्टीत आली.

मी मास्टरिंगच्या क्षेत्रात काम करतो. जुन्या टेप आणि ७८ च्या तबकड्या हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांबाबतही हाच प्रश्न उभा राहतो, उलट जास्त तीव्रतेने. त्या काळी सगळ्याच तबकड्या काही नेमक्या ७८ फेऱ्यांनी कापल्या जात नसत. वेग चुकीचा धरला की गवयाची पट्टी बदलते, आवाजाचा पोत बदलतो आणि तानही खोटी जलद किंवा संथ होते. म्हणून कुठलीही रीमास्टर आवृत्ती हाती आली की मी आधी वेग बघतो. सीडीचा चकाकणारा थर सोन्याचा आहे की ॲल्युमिनियमचा, हे नंतर. सोनं गंजत नाही हा त्याचा गुण खरा, पण त्यावरचे आकडे तेच असतील तर आवाजही तोच.

दुसरी तपासणी पातळीची. दोन आवृत्त्यांपैकी एक जराशी मोठ्याने वाजत असेल तर कान तिलाच कौल देतो: बास भरदार लागतो, झांजा उजळ वाटतात. एखाद्या डेसिबलचा फरकही पुरेसा असतो, आणि तो ‘मोठा’ असा जाणवत नाही, ‘चांगला’ असा जाणवतो. नव्वदच्या दशकापासून कित्येक रीमास्टर याच जोरावर खपले. आवाजाची शिखरं दाबायची आणि सगळी पातळी वर उचलायची, एवढंच त्यांतलं काम. म्हणून तुलना करताना दोन्ही आवृत्त्यांतला एकच तुकडा घ्यावा, मीटरवर त्याची सरासरी पातळी जुळवावी आणि कुठली डिस्क लावायची ते दुसऱ्या कुणाकडे सोपवावं. ऐकणाऱ्याला ते कळता कामा नये.

मी तुकडा निवडतो तो ‘सो व्हॉट’मधलाच. पॉल चेंबर्सचा बास मुखडा मांडतो आणि माइल्सचं एकल वादन सुरू होताना जिमी कॉब झांजेवर एक जोरदार आघात करतो. तो आघात कसा उसळतो आणि मग कसा विरत जातो, त्याकडे लक्ष द्यावं. शिखर दाबलेलं असेल तर तो बोथट होतो आणि झांजेची आस नैसर्गिकपणे उतरत नाही. टेपची खरखर फार घासून काढली असेल तर आस मध्येच तुटते, कारण झांजेचा शेवटचा अंश त्या खरखरीतच मिसळलेला असतो. थोडी खरखर राहिलेली आवृत्ती मला म्हणूनच जास्त विश्वासाची वाटते.

१९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी, आली तेव्हापासून आणखी एक घोटाळा होतो. हायब्रिड डिस्कमध्ये दोन थर असतात, एक सीडीचा आणि एक एसएसीडीचा. लोक दोन्ही थर आलटून पालटून ऐकतात आणि फरक जाणवला की श्रेय तंत्राला देतात. पण दोन थरांचं मास्टरिंगच वेगळं असू शकतं. लेबलावरचा विश्वास किती कच्चा असतो हे २०२२ मध्ये सगळ्यांनी पाहिलं: मोबाइल फिडेलिटी या पुनर्प्रकाशन करणाऱ्या कंपनीच्या ज्या एलपी लोक निखळ ॲनालॉग समजत होते, त्यांतल्या कित्येकांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, हे उघड झालं. त्याआधी त्याच एलपींचं रसिकांनी मनापासून कौतुक केलं होतं. ते कौतुक खोटं नव्हतं. आवाज चांगलाच होता, कारण मूळ टेप चांगली होती आणि काम काळजीपूर्वक झालं होतं.

‘काइंड ऑफ ब्लू’च्या इतिहासातली सगळ्यांत मोलाची दुरुस्ती सोन्यात नाही की उच्च नमुनादरातही नाही. ती साध्या सोळा बिटांच्या सीडीवर पूर्णपणे मावते. म्हणून महागडी आवृत्ती घेण्याआधी विचारावं: कुठल्या टेपवरून केली, वेग कुणी तपासला, मास्टरिंग कुणी केलं? आपल्या संगीताची पुनर्प्रकाशनं करणाऱ्यांनी या तीन गोष्टी वेष्टणावर छापायला हव्यात. गायकाचं नाव ज्या अक्षरांत छापतात, त्याहून लहान अक्षरांत छापल्या तरी चालेल. पण छापल्याच पाहिजेत, कारण षड्ज कुठे होता हे जाणून घेण्याचा ऐकणाऱ्याला हक्क आहे.