दुर्लक्षित पक्षी

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या सुटींत अमेरिकेंतील नॉर्थ डकोटा ह्या राज्यांत माझ्या धाकट्या भावाकडे जाण्याचा योग आला. क्षितिजापर्यंत गवताळ रान, आणि मधून मधून हिमयुगांतील बर्फानें मागें ठेवलेलीं लहान लहान तळीं, असा तो प्रदेश आहे. एका तळ्यावर तलवार बदक व थापट्या दिसतांच घरचीं माणसें भेटल्यासारखें वाटलें. कारण ह्याच जातींचे दुसरे थवे हिवाळ्यांत आपल्या नाशिक जिल्ह्यांतील नांदूर-मध्यमेश्वर येथें उतरतात.

ह्या सहज यशानें मला थोडा गर्व झाला. दुसऱ्या दिवशीं कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा, गळ्याखालीं काळा पट्टा असलेला एक पक्षी दिसला. पुस्तकांतील चित्र पाहून मीं तत्काळ वहींत लिहिलें, 'पूर्वेकडील मेडोलार्क'. शेजारचे वृद्ध शेतकरी हंसून म्हणाले, "आधीं डोळे मिटून ऐका, मग लिहा."

मीं ऐकलें. पूर्वेकडील जातीच्या गाण्यांत साध्या, स्वच्छ शिट्या असतात. येथें तर बांसरीसारखे स्वर खळखळत उतरत होते. तो पश्चिमेकडील मेडोलार्क होता! दोन्ही जाती रूपानें इतक्या सारख्या कीं, खरी ओळख पटते ती गाण्यावरून. मेरिवेदर लुइस ह्या प्रवाशानें १८०५ सालीं हा भेद टिपला होता. पण पुढें कोणी लक्ष दिलें नाहीं. अखेर १८४४ सालीं ऑडुबॉननें त्यास शास्त्रीय नांव दिलें, 'नेग्लेक्टा', म्हणजे दुर्लक्षित.

तें नांव वाचून मी चपापलों. पूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचा थोरला भाऊ उनाड. हा रूपानें हुबेहूब तसाच, म्हणून हाहि तसाच, असें मीं पहिल्याच दिवशीं ठरविलें. वही घेऊन तो मेजापाशीं उभा राही. मी त्याचें बोलणें कधीं पुरतें ऐकून घेतलें नाहीं. पुढें तो शाळा सोडून गेला. त्यास काय सांगावयाचें होतें, हें मला अद्यापि ठाऊक नाहीं.

उत्तर अमेरिकेंतील गवताळ रानांतले पक्षी १९७० पासून निम्म्याहून अधिक घटल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. 'पुढें केव्हां तरी ऐकूं' म्हणणाऱ्यास संधि मिळतेच असें नाहीं.

आतां हजेरी घेतांना मी पुस्तकावरून मान वर करतों, आणि प्रत्येकाचा आवाज ऐकल्यावांचून पुढील नांव घेत नाहीं.