तडीपारीची दोन वर्षं

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत माझे वडीलही. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. आमच्या घरातला पगार मात्र कायमचा थांबला. आईने लालबागच्या खोलीत खानावळ घातली. एरवी बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटली असती अशी गल्लीतली काही पोरं पुढच्या वर्षांत खंडणीच्या वसुलीला लागली. त्यांना कुणी गुंड म्हणत नसे. अमक्याचा मुलगा कंपनीत आहे, एवढंच बोललं जाई, आणि ऐकणारा पुढे काही विचारत नसे.

तो त्यांतलाच. माझं त्याच्यावर प्रेम होतं. खानावळीचे पैसे तो महिनाभर आधी देऊन ठेवायचा. ते कुठून येतात हे आईला माहीत होतं, मलाही. त्याच पैशांनी वडिलांची औषधं येत.

मग तो तडीपार झाला. तेव्हाच्या मुंबई पोलीस कायद्याच्या ५६ व्या कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर ठेवता येत असे. त्याला पूर्ण दोन मिळाली. साक्षीदार उघडपणे पुढे यायला घाबरतात, असं कारण आदेशात होतं. ते खोटं नव्हतं. मला साक्षीला बोलावलं असतं तर मीसुद्धा गेले नसते, आणि ते केवळ प्रेमापोटी नव्हे.

तो कोकणात गावी राहिला. त्याची पत्रं त्याच्या मित्राच्या हाती येत. दोघे एका बाकावर शिकलेले. मित्र बेस्टमध्ये कंडक्टर. पाळी संपली की खाकीतच यायचा, पत्र द्यायचा, वडिलांशी बोलत बसायचा. मी त्याची वाट बघायला लागले. आधी पत्रासाठी, नंतर पत्र नसलं तरी.

एका दुपारी दोन अनोळखी माणसं जेवायला आली. जेवली, पैसे दिले, आणि हात धुता धुता त्यांनी आईला त्याचं गाव विचारलं. ते विरुद्ध टोळीचे होते. आई म्हणाली, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मित्र म्हणाला, "माझ्याशी लग्न कर. मग तुला विचारायला कुणी येणार नाही." मी हो म्हटलं. चाळीत आजही सांगतात की हिने एकाला वाऱ्यावर सोडलं आणि दुसऱ्याने मित्राचा घात केला. त्या दुपारची भीती त्या सांगण्यात कुठेच नसते. भीतीपोटी लग्न झालं म्हणून यांच्यावरचं माझं प्रेम उणं होतं, असंही मी कुणाला म्हणू देणार नाही.

मुदत संपल्यावर तो आला. दारातच उभा राहिला, पाणीही घेतलं नाही. यांनी सगळं स्वतः सांगितलं. त्याने हात उगारला असता तर बरं झालं असतं. तो फक्त मान हलवून गेला. नंतर कित्येक महिने जिन्यावर पाऊल वाजलं की मी मुलाला उचलून आतल्या बाजूला सरकायची. त्याच्याकडून आम्हाला कधी धोका झाला नाही. त्याला शोधणाऱ्यांचा मात्र धोका होता, आणि आमचा पत्ता त्यांना ठाऊक होता.

पुढे जुन्या गुन्ह्यात तो पकडला गेला, आर्थर रोडला गेला. जामीन मंजूर झाला, पण जामीन राहायला सख्खा भाऊही तयार होईना. हे मला न विचारता रेशनकार्ड आणि पगाराचा दाखला घेऊन कोर्टात गेले. तो तारखेला हजर राहिला नसता तर पैसे आमच्याकडून वसूल झाले असते, आणि त्याच्याशी आमचं नाव कागदोपत्री जोडलं गेलं ते वेगळंच. मी रात्रभर भांडले. तुम्ही जामीन राहिलात याचा मला राग आहे, असं यांना म्हटलं. आणि राहिला नसतात तर याहून जास्त आला असता, हेही त्याच रात्री सांगून टाकलं.