रॅम्प म्हणजे उपकार नव्हे

गेल्या वर्षी आम्ही फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला गेलो. आईचे गुडघे गेलेले. पार्कातली बॅटरीची स्कूटर बाहेर नेता येत नाही, म्हणून बाहेरच्या दुकानातून भाड्याने घेतली. बसचालकाने आधी रॅम्प टाकून आईला चढवलं, मग रांग सोडली. आई सगळ्यांपुढे हात जोडू लागली. आम्ही ते हात खाली घेतले. ही मालकाची दया नाही! मार्च 1990 मध्ये अपंग कार्यकर्ते अमेरिकन संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले, जुलैत कायदा झाला. अर्थात कायद्याने रॅम्प मिळतो. स्कूटरचं भाडं ज्याच्या खिशात डॉलर, त्यालाच परवडतं.

मित्रांनो, आपल्याकडेही 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. आमच्या वस्तीतल्या विहाराला मात्र सात पायऱ्या आहेत. रॅम्पचा विषय आम्ही येत्या पौर्णिमेच्या बैठकीत मांडतोय.