दंडाच्या आतला रंग

तपासायला आलेल्या मुलीला मी आधी बाही वर करायला सांगते. दंडाच्या आतल्या बाजूला ऊन फारसं पोचत नाही. तिथला रंग तो तिचा जन्माचा रंग. उपचारांनी चेहरा त्या रंगाच्या जवळ आणता येतो, त्याच्या पलीकडे नाही. दादरच्या माझ्या दवाखान्यात हे रोज सांगावं लागतं आणि ऐकणारीचा चेहरा हमखास उतरतो.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे गर्दी वाढते, म्हणून संपादकांनी 'त्वचा उजळवणारे उपचार' हा विषय सुचवला. मी होकार दिला तो मात्र एका ट्यूबपायी. तिच्याकडे येतेच, पण आधी थोडं शास्त्र.

मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारख्याच संख्येने असतात. त्या किती आणि कोणत्या प्रकारचं रंगद्रव्य करतात आणि वरच्या थरातल्या पेशींना ते कसं वाटतात, यावर रंग ठरतो. सावळ्या त्वचेत या पेशी फार तत्पर असतात. ऊन, पिंपल, वॅक्सिंग, जोरजोरात घासलेली घासणी, कशानेही दाह झाला की त्या जास्त रंग तयार करतात. म्हणून आपल्याकडे पिंपल आठवड्यात बसतो आणि डाग महिनोन्‌महिने राहतो. आणि म्हणूनच डाग घालवण्यासाठी केलेला उपचार नवा डाग पाडू शकतो. माझ्या कामातली सगळी जोखीम इथे आहे.

पील म्हणजे ठरावीक तीव्रतेचं आम्ल लावून वरचा थर मोजून काढणं. ग्लायकोलिक आम्ल ३० टक्क्यांपासून सुरू करायचं, दोन-तीन मिनिटं ठेवायचं, नजर त्वचेवरून हलवायची नाही, मग सोडियम बायकार्बोनेटने त्याचा जोर मारायचा. त्याआधी काही आठवडे त्वचा तयार करावी लागते. लेझरचंही तसंच. १०६४ नॅनोमीटरचा किरण रंगद्रव्याचे कण फोडतो, पण वांगावर तो वारंवार मारला तर पांढरे ठिपके उमटू शकतात आणि उपचार थांबवल्यावर वांग पुन्हा डोकं वर काढतो. पिंपलचे खड्डे भरायला मायक्रोनीडलिंगची अनेक सत्रं लागतात. आणि लोक येतात लग्नाच्या पंधरा दिवस आधी, "डॉक्टर, एकदा लेझर मारून द्या ना" म्हणत! सनस्क्रीन लिहून दिलं की म्हणतात, "पण मी तर ऑफिसात असते." वांग असलेल्या त्वचेला साधा दिसणारा प्रकाशही पुरतो. म्हणून मी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन देते, आणि मुंबईच्या घामात ते दुपारी पुन्हा लावायला सांगते. तेवढंच नेमकं कुणी करत नाही.

आता ती ट्यूब. १९७५ साली अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी एका सहकाऱ्याबरोबर वांगासाठी तीन औषधांचं मिश्रण प्रसिद्ध केलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. पहिलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. दुसरं वरच्या पेशी लवकर झडायला लावतं, पण त्याने त्वचा चिडते. ती चीड शमवायला तिसरं. रचना हुशारीची आहे आणि वांगावर आजही मी ती लिहून देते. पण ती काही आठवड्यांपुरती. अमेरिकेत २००२मध्ये मंजूर झालेल्या अशाच क्रीमचा वापर आठ आठवड्यांपर्यंत मर्यादित आहे, आणि त्यातलं स्टिरॉइड सौम्य आहे. आपल्याकडच्या अनेक ट्यूबांत मोमेटासोन असतं, ते त्याहून बरंच जोरकस. त्याच १९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणलं. २०२०मध्ये त्याचं नाव बदललं, पण गोरेपणाची ट्यूब घ्यायची सवय तोवर दोन पिढ्यांत मुरली होती, आणि त्या सवयीत स्टिरॉइडची ट्यूब अलगद जाऊन बसली.

२०११मध्ये देशातल्या अनेक केंद्रांवर केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. औषध नियमांच्या परिशिष्ट 'एच'मधल्या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, पण वरून लावायच्या औषधांना त्यात सूट होती. २०१८च्या मार्चमध्ये १४ स्टिरॉइडांची ही सूट काढून घेतली. कागदावर प्रश्न मिटला. काउंटरवर तो अजून आहे.

लालबागची एक मुलगी पावसाळ्यात आली. पार्लरवाल्या ताईंनी चिठोऱ्यावर नाव लिहून दिलं होतं, आणि मेडिकलवाला दोन वर्षं ती ट्यूब देत होता. पहिले दोन महिने सगळ्यांनी तिला "काय ग्लो आलाय!" म्हटलं. मग गाल लाल झाले, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, लव वाढली, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. ट्यूब थांबवली की आग होते, लावली की निवते. म्हणून ती लावतच राहिली. कातडी व्यसनी होते, दारू सुटताना अंग थरथरावं तसं ट्यूब सुटताना ती पेटते. अशा चेहऱ्यावर पील नाही, लेझर नाही. स्टिरॉइड हळूहळू उतरवायचं, साधं मॉइश्चरायझर लावायचं आणि धीर धरायचा.

ट्यूबवर निदान नाव तरी छापलेलं असतं. बिननावाच्या डबीत काय आहे हे कोण सांगणार? २०२३च्या जानेवारीत अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींची बातमी आली. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. परळच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासलं, तेव्हा त्यात पारा निघाला, दशलक्षात एक भाग या मर्यादेच्या हजारो पट. मेलॅनिन तयार करणाऱ्या विकराला तांबं लागतं, पारा त्या तांब्याची जागा बळकावतो, म्हणून गोरेपणा येतो खरा. पण पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडातली गाळणी बिघडवतो. लघवीतून प्रथिनं जायला लागतात, पायांवर सूज येते, आणि रुग्ण क्रीमचा उल्लेखही करत नाही, कारण त्याला कुणी औषध मानत नाही. डबी घेऊन आलेल्या प्रत्येकीची मी आता लघवी तपासून घेते.

मला माझ्या क्षेत्राचा अभिमान आहे. खोल खड्डे पडलेल्या मुलाला मान वर करून बोलताना मी पाहिलं आहे. पण गिरगावापासून परळपर्यंत क्लिनिकांच्या पाट्यांवर 'व्हाइटनिंग' दिसतं, गोरं करण्यासाठी ग्लुटाथायोनचं सलाईन लावलं जातं, ज्या कामासाठी ते आपल्या देशात मंजूरच नाही. यात पदवीधर डॉक्टरही आहेत. मग पार्लरवाल्या ताईंना काय तोंडाने बोल लावायचा, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

लालबागच्या मुलीची आई परवा एकटीच येऊन बसली. मुलाकडच्यांना पाठवलेला फोटो ट्यूबच्या पहिल्या दोन महिन्यांतला होता. "आता हिला अशी कशी दाखवू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मावशी, हिला गोरी करणारं औषध माझ्याकडे नाही, बरी करणारं आहे." लग्न मार्गशीर्षात आहे. तोवर लाली पुष्कळ उतरेल असं मला वाटतं. रक्तवाहिन्या उतरणार नाहीत. त्यांच्यावर लेझर करायला त्वचा आधी सावरायला हवी, आणि त्याला पुढचा उन्हाळा उजाडेल. हे सगळं मी मराठीत कागदावर लिहून दिलं, मुलाकडच्यांना दाखवलं तरी चालेल अशा शब्दांत.