दोन तीरांवरील गणपति

मांडवी नदीच्या पात्रांत दिवाडी नांवाचें एक बेट आहे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटींत बसलें, कीं थोड्याच मिनिटांत माणूस तेथें पोंचतो. आमची सारी मास्तरकी नदीच्या अलीकडे झाली. परंतु भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आम्ही बेटावरच्या वडिलोपार्जित घरीं नव्हतों, असें एकही वर्ष आठवत नाहीं. सेवानिवृत्तीनंतर तर आम्ही तेथेंच राहावयास गेलों.

देव नदीपार जाण्याचें दुःख या बेटास ठाऊक आहे. कदंब राजांचें कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचें येथलें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या अमलांत देऊळ पाडलें गेलें, तेव्हां भक्तांनीं लिंग पलीकडे नार्व्यास नेलें. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनीं १६६८ सालीं करविला. मूर्ति पुजणें दुर्घट झालेल्या त्या काळांत कित्येक गोमंतकीय घरांनीं कागदावर रेखाटलेला गणपति पुजला. कांहीं घराण्यांत ती चाल अद्याप आहे. अशा कुळकथा ऐकत वाढल्यामुळें आमचा स्वभाव थोडा हट्टी झाला असावा.

आमच्याकडे गणपति पांच दिवसांचा. मूर्तीच्या वर लांकडी चौकट टांगून तिला माटोळी बांधावयाची : नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरंजन, कांगलें, घागऱ्या, रानांतला नानाविध पाला. स्वयंपाकघरांत खतखतें शिजत असतें, पातोळ्यांना हळदीच्या पानांचा वास सुटलेला असतो, आणि सुना नेवऱ्यांना मुरड घालीत बसलेल्या असतात. शेजारचें ख्रिस्ती कुटुंब आपल्या परसांतलें तोरंजन आठवणीनें पाठवितें. नाताळांत त्यांच्या फराळाचें ताट आमच्याकडे येतें.

दोन वर्षांमागें धाकटे बंधु पणजीहून आले व चांचरत म्हणाले, "दादा, यंदापासून आमच्या बिऱ्हाडींच दीड दिवसांचा गणपति आणावा म्हणतों. मुलांना रजा मिळत नाही, हिचे गुडघे दुखतात, फेरीच्या रांगेंत तिष्ठणें आतां होत नाही." आम्ही मास्तरी आवाजांत उत्तर दिलें, "जमीन वांटून घेतां येते, देव नाहीं." ते कांहीं बोलले नाहींत. त्या वर्षीं ते आलेच नाहींत.

माटोळी बांधावयास बसलों, तेव्हां कांगलें नव्हतीं. तीं आजवर कोण आणीत असे ? लहानपणापासून पहांटे टेकडी चढून, कांट्यांनीं हात ओरबाडून घेऊन तीं आणणारे हेच बंधु. आम्ही खालीं उभे राहून गांठी नीट बसल्या कीं नाहीं एवढें पाहत असूं, आणि घराची परंपरा आपण सांभाळतों अशी आमची समजूत ! रात्रीं आरतीस एक आवाज कमी होता. घरांत कोणी तें बोलून दाखविलें नाहीं. वहिनींनीं शिकविलेल्या पद्धतीच्या नेवऱ्यांचा डबा मात्र आमच्या सौभाग्यवतींनीं न सांगतां भरून ठेविला.

दुसऱ्या दिवशीं सकाळची पूजा आटोपून आम्ही तो डबा घेतला व फेरी गांठली. पणजीच्या त्या दोन खोल्यांत शिरलों, तों देव्हाऱ्यावर पडद्याच्या दांडीला लहानशी माटोळी बांधलेली ! तिच्यांत कांगलेंही होतीं. बंधु म्हणाले, "बाजारांत मिळालीं, दादा. पण गांठ तुमच्यासारखी जमली नाहीं." आम्ही स्टुलावर चढलों आणि ती गांठ नीट केली. क्षमा मागावयाची होती. ती शब्दांनीं मागणें आम्हांस साधलें नाहीं. आरतीस आम्ही त्यांच्या शेजारीं उभे राहिलों.

तेव्हांपासून रीत ठरली आहे. त्यांचा गणपति दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं विसर्जन पावतो, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळच्या फेरीनें सारें बिऱ्हाड दिवाडीस येतें. कांगलें आतां आमचा नातू आणतो. कोणत्या झाडावर बरीं मिळतात, हें धाकट्या आजोबांनींच त्याला दाखविलें.

सप्तकोटेश्वर आजही नार्व्यासच आहे. म्हणून तो दिवाडीकरांचा राहिला नाहीं, असें आमच्या वडिलांनीं कधीं म्हटलें नव्हतें.