मामीची सुकडी

दर उन्हाळ्यात आम्ही आजोळी जात असू ते आंबे खायला. १९७३ साली गेलो ते माती वाहायला. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. मामाच्या शिवारात पाझर तलावाचे दुष्काळी काम निघाले होते. आई नि मामी पाट्या वाहत. मी सवंगड्यांबरोबर मजुरांना पाणी पाजत फिरे. घरी लाल मिलोची भाकरी, कामावर सुकडी. मामी आपली सुकडी माझ्या हातावर ठेवी. म्हणे, "मला गोड सोसत नाही रे."

पुढे माझ्या लग्नात तिने दोनदा जिलेबी मागून घेतली, तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना.

मामी आता नाही. तलाव अजून पाणी धरतो. सुट्टीला नातवंडे आली, की त्यांना एकदा त्या बांधावर नेतोच.